तेविसावं मिनिट

काचेपलीकडे जयसिंगचा उजवा हात बटणावरून उठला, थोडा पुढे गेला आणि त्याची मूठ मिटली.

मैत्रेयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चाचणीची बावीस मिनिटं, पन्नास सेकंद. तिने तक्त्यातल्या 'निरर्थक हालचाल' या रकान्यात एक खूण केली आणि ती वाट बघत राहिली. जयसिंगच्या समोर एक पांढरी तबकडी होती. तिच्यावरचा काटा दर सेकंदाला एक घर पुढे सरकत होता आणि अधूनमधून, कधी मिनिटं गेली तरी नाही तर कधी पाठोपाठ, एकदम दोन घरं उडी मारत होता. अशी उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. शाळकरी पोरालाही जमेल असं. काटा उडाला. बटण दाबलं गेलं नाही. पुन्हा उडाला, तरी नाही. तिसऱ्यांदा नाही, चौथ्यांदाही नाही. पाचव्या उडीला हात परत बटणावर आला आणि तिथून पुढे चाळीस मिनिटं पूर्ण होईपर्यंत त्याने एकही उडी सोडली नाही.

सलग चार चुका म्हणजे अपात्र. मैत्रेयीला वाईट वाटलं. जयसिंग सव्वीस वर्षं इंजिनावर होता, आणि ही त्याची दुसरी व शेवटची चाचणी होती. आता मेल गाडी हातची जाणार आणि निवृत्तीपर्यंत यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायचे. पहिल्या चाचणीतही तो नेमका इथेच चुकला होता.

केंद्र गोमती नगरात एका भाड्याच्या दुमजली घरात होतं. रेल्वेच्या इंजिनचालकांचं लक्ष उष्णतेत आणि आवाजात किती वेळ टिकतं, हे मोजण्याचं काम त्यांनी ठेक्यावर घेतलं होतं. तळमजल्यावरच्या एका खोलीला आतून पत्रा आणि जाड कापड ठोकून तिची इंजिनाची केबिन केलेली. आत चार हीटर, बेचाळीस अंशांवर खोली धरून ठेवणारे. छतात एक भोंगा, त्यातून धावत्या डिझेल इंजिनाचा ध्वनिमुद्रित आवाज, पंचाण्णव डेसिबल. बाहेर १९९६ च्या जूनमधली लू, गरम वाऱ्याची झळ, अंग भाजत असताना खोली तापवायला वीज जाळणारी अख्ख्या लखनौमधली ही एकमेव इमारत असावी. आणि काचेच्या अलीकडे, जिथे मैत्रेयी बसत असे, तिथे मात्र एसी. भोंग्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचायचा तो दूरच्या पिठाच्या गिरणीसारखा. तिने बघायचं ते फक्त मापकाच्या सुईकडे. सुई पंचाण्णववर असली की झालं.

चाचणी चालू असताना चालकाने बोलायचं नाही आणि तिनेही काही विचारायचं नाही. दोन शब्द कानावर पडले तरी मरगळलेलं मन ताजं होतं आणि आकडे बिघडतात. आकडे अजून एकदाही बिघडले नव्हते. तीन महिन्यांत तीस चालक झाले होते आणि त्यांतले बावीस तेविसाव्या मिनिटाच्या आसपास कोसळले होते. गार खोलीत, आवाजाशिवाय, तसं होत नव्हतं. नुसत्या गरम खोलीतही नव्हतं. आवाज आला की होत होतं. आवाजाला उष्णतेची जोड मिळाली की जास्त. तिने काढलेल्या आलेखात ती खोल दरी इतकी स्वच्छ दिसे की लक्ष्मीकांत सरांनी तो आलेख मोठा करवून आपल्या खोलीत टांगला होता. सर अमरावतीचे. कौतुक करायचं तर हात आखडता घेणारे. तरी आलेख पाहून म्हणाले होते, "पोरी, यावर तुझी पीएचडी उभी राहील." मैत्रेयीने त्या रात्री साताऱ्याला एसटीडी करून आईला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं होतं.

तिने यंत्र बंद केलं आणि ती व्हरांड्यात आली.

जयसिंग सुरईतलं पाणी ओंजळीने तोंडावर मारत होता. सदरा पाठीला चिकटला होता. तिला बघून तो उभा राहिला आणि गमछ्याने हात पुसले.

"मॅडम, टेस्ट हो गया ना?"

"हो गया."

"तो अब बोल सकते हैं?"

"बोलिए." मैत्रेयीने मन घट्ट केलं. हे क्षण तिला सवयीचे झाले होते. कुणी मुलीच्या लग्नाचं सांगे, कुणी डोळ्यांत घाम गेला म्हणे, एकजण तर दुसऱ्या दिवशी मलिहाबादी दशहरी आंब्यांची पेटी घेऊन आला होता.

जयसिंगने आवाज खाली आणला. "वो बचा कि नहीं?"

"कौन?"

"वही, मॅडम. जो लाइन पर था."

उष्णतेने माणूस बरळतो हे मैत्रेयीने वाचलं होतं, पण जयसिंगचे डोळे स्वच्छ होते.

"कौनसी लाइन पर?"

"टेप में," तो म्हणाला. तिला कळत नाहीये हे त्यालाच कळेना. "बीस-बाईस मिनट के बाद. पहले लंबी सीटी है. फिर टुकड़े-टुकड़े सीटी, जैसी आदमी को हटाने के लिए मारते हैं. फिर ब्रेक की हवा छूटती है, पूरी की पूरी. इमरजेंसी. इंजन का दम उतरने लगता है, और बस, वहीं से गाड़ी फिर दौड़ रही है. बीच का आप लोगों ने काट दिया. हम लोग रनिंग रूम में आराम करते वक़्त यही बात करते हैं. कोई कहता है बच गया होगा, कोई कहता है नहीं. मैंने कहा, मॅडम को मालूम होगा, पूछ लेंगे."

"सब लोगों ने सुना ये?"

"सुनना क्या, वो तो सुनाई देता ही है." तो थोडा हसला, कुणी भाजीत मीठ आहे का विचारावं तसा. "हम समझे आपने जानकर रखा है. देखने के लिए, कि ड्राइवर का हाथ ब्रेक पर जाता है कि नहीं. पहली बार मुझे फेल काहे किया, समझ में नहीं आया. सोचा, हाथ देर से गया होगा. इस बार तो तुरंत डाला. आपने देखा होगा?"

मैत्रेयीने मान हलवली. तिने पाहिलं होतं. पाहून 'निरर्थक हालचाल'मध्ये खूण केली होती. आज एक, आणि गेल्या तीन महिन्यांत अशा कितीतरी.

"आप बैठिए," ती कशीबशी म्हणाली. "जाइए मत."

ध्वनियंत्र सांभाळायला धैर्यशील होता. वडील हवाई दलात होते, नोकरीनिमित्त इकडे आले ते इथेच राहिले, त्यामुळे पोरगा लखनौमध्येच वाढलेला. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीतून यायचं. एवढं भारदस्त नाव पेलवत नाही म्हणून सगळे त्याला धीरू म्हणत.

"धीरू, टेप विसाव्या मिनिटापासून लाव. मी आत बसतेय."

"आप? क्यों?"

"लाव म्हटलं ना."

त्याचा हात यंत्राकडे गेला नाही. मग गेला. मैत्रेयी तिकडे न बघता आत शिरली आणि मागे दार लावून घेतलं.

तीन महिने ती या खोलीवर राज्य करत होती आणि आत मात्र एकदाही बसली नव्हती. गरम हवा नाकाला झोंबली. खुर्चीच्या लोखंडाचा चटका बसला. मग आवाज सुरू झाला आणि तिला वाटलं, हा आवाज कानाने ऐकायचा नाहीच, हा दातांत शिरतो. तिने बटणावर बोट ठेवून काट्याकडे बघायचा प्रयत्न केला. मिनिटाभरात घाम पापण्यांवर आला, दोन उड्या सुटल्या, तिसरी सुटली की नाही तेही कळलं नाही. या खोलीत माणसं चाळीस मिनिटं बसून चाळीसपैकी छत्तीस उड्या पकडत होती आणि ती त्यांना अपात्र ठरवत होती.

शिटी आली. लांब. अशा शिट्या टेपमध्ये बऱ्याच होत्या. मग तुटक, घाईघाईची, एकामागून एक, संपेचना. त्यांच्या खाली कुठेतरी फुस्स करून हवा सुटली आणि सुटतच राहिली. इंजिनाचा सूर बसू लागला. आणि एका क्षणी सगळं तुटून, जणू काही झालंच नाही अशी, गाडी पुन्हा भरधाव.

एवढंच. फार तर वीस सेकंद. कुणी सांगितलं नसतं तर तिला आताही कळलं नसतं. पण आता कळलं होतं. तिने दार ढकललं. बाहेरच्या गार हवेत तिला हुडहुडी भरली.

धैर्यशील टेप थांबवून उभा होता. तो तिच्या चपलांकडे बघत होता.

"तू होतास त्या गाडीच्या केबिनमध्ये. ध्वनिमुद्रण तूच केलंस."

"हाँ."

"कोण होतं?"

"एक बुजुर्ग थे. साइकिल उठाकर लाइन पार कर रहे थे. साइकिल अटक गयी, उन्होंने छोड़ी नहीं." तो थांबला. "मैं माइक पकड़े खड़ा था, दीदी. बंद करना सूझा ही नहीं. गाडी थांबली तेव्हा बंद केलं."

एरवी न बोलली जाणारी मराठी त्याच्या तोंडून आली आणि मैत्रेयीला ते सहन झालं नाही.

"मग ते कापून का नाही टाकलंस?"

"सरांना सलग चाळीस मिनिटं पाहिजे होती. दुबारा परमिशन में छह महीने जाते. मैंने उसके बाद का काटा. उसके पहले का काटने के लिए सुनना पड़ता. मुझसे सुना नहीं गया. अंदाज़ से काट दिया, और लेवल सब पंचानवे पर ला दिया. सोचा, शोर ही तो है. शोर में किसको क्या सुनाई देगा."

तिला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. पण लगेच स्वतःचा हातच तिला जड झाला. तिनेही शोर म्हणूनच ऐकला होता. तोही काचेपलीकडून.

तिने तीसही तक्ते उचलले आणि धैर्यशीलला घेऊन ती जिना चढली.

लक्ष्मीकांत सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्येच वीज गेली, मागच्या अंगणातला जनरेटर धडधडू लागला, तरी ते हलले नाहीत. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "टेपमध्ये खोट आहे हे मान्य. धीरू, तुझ्याशी मी नंतर बोलेन. पण मैत्रेयी, वीस सेकंदांच्या शिटीने एवढा परिणाम होतो, हे तू सिद्ध केलं आहेस का? का तुला त्या माणसाची दया आली?"

"सर, त्यांचं लक्ष ढळत नव्हतं. त्यांचं लक्ष तिकडेच होतं. ते गाडी थांबवत होते."

"असं तो म्हणतो. नापास झालेला माणूस काहीतरी म्हणणारच." सरांनी तक्त्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं. "हा बघ. हा आवाज जर असा असेल की कुठल्याही चालकाचा हात बटणावरून उठावा, तर याचा का नाही उठला? याच्याखेरीज जे सात जण पास झाले त्यांच्याही एकदोन तरी सुटल्या आहेत. याची एकही नाही. तेविसाव्या मिनिटालाही नाही. चाळीसपैकी चाळीस. वय चोपन्न. बेचाळीस अंश, पंचाण्णव डेसिबल. माणूस जागचा हललेला नाही."

मैत्रेयीने वाकून नाव वाचलं. गोपीनाथ. तिला तो आठवला. एप्रिलमध्ये आला होता. बाहेर आल्यावर त्याने पाणी मागितलं नाही की निकाल विचारला नाही. नमस्कार करून सरळ फाटकाबाहेर गेला. तिने त्याच्या तक्त्यावर कौतुकाने लाल पेन्सिलने रेघ ओढली होती. ती रेघ आता सरांच्या बोटाखाली होती.

सरांचं म्हणणं बरोबर होतं. एक माणूस जर पूर्ण लक्ष ठेवू शकतो, तर बाकीच्यांच्या चुका त्यांच्याच. जयसिंग खाली बाकावर बसला होता आणि सोमवारी अपात्रांची यादी रेल्वेकडे जाणार होती.

"सर," धैर्यशील दाराजवळून म्हणाला. "वो गाड़ी गोपीनाथ चाचा ही चला रहे थे."

सरांनी मान वर केली.

"काय म्हणालास?"

"टेप उनकी गाड़ी का है. जनवरी का. डब्यावर लिहिलंय मी, नाव, तारीख, इंजिन, सगळं. किसी ने पढ़ा नहीं." त्याने एका हाताने चौकट धरली. "वो टेस्ट को आये तब मैं गेट पर था. मैंने कहा, चाचा, आप मत बैठिए, मैं मशीन ख़राब बोल देता हूँ. बोले, आज ख़राब बोलोगे, फिर बुलाएँगे. चला दो, बेटा."

"आणि तू चालवलीस," मैत्रेयी म्हणाली.

"चला दिया, दीदी."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. बराच वेळ ते गोपीनाथच्या तक्त्याकडे बघत राहिले. त्या चष्म्याविना त्यांना त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. चाळीस बिनचूक खुणा. त्यांतल्या चार, काचेच्या पलीकडे टेपमधला तो म्हातारा सायकल सोडत नव्हता तेव्हाच्या. आणि काचेच्या अलीकडे मैत्रेयी एसीत बसून खूश होत होती.

"काट्याकडे बघत बसला तो," सर हळूच म्हणाले. "देवा. काट्याकडे बघत बसला."

मग त्यांनी सगळे तक्ते एकत्र केले, गठ्ठ्याला दोरा बांधला आणि वर जाड अक्षरांत 'रद्द' लिहून सही केली. मैत्रेयीला वाटलं होतं ते रागावतील, वाद घालतील, निदान तीन महिने फुकट गेल्याचं म्हणतील. त्यांनी गठ्ठा बाजूला सारला.

"जा, सांग त्याला," ते म्हणाले. "खाली बसलाय ना तो?"

ती जिना उतरून खाली आली. जयसिंग बाकावर तसाच होता. ऊन सरकून त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं, तरी तो बाजूला सरला नव्हता. मॅडमने बसायला सांगितलं होतं ना.

"आपका टेस्ट कैंसल हो गया," ती म्हणाली. "सबका. ग़लती हमारी थी. आप फेल नहीं हैं. मेल पर ही रहेंगे."

त्याने हात जोडले. चेहऱ्यावर सुटकेचं हसू येऊ लागलं, पण तिच्याकडे पाहून ते अर्ध्यावर थांबलं.

"वो नहीं बचा ना, मॅडम?"

"नहीं."

जयसिंगने मान डोलावली, आपल्याला ठाऊकच होतं अशी. गमछ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मैत्रेयी तिथून जाऊ शकली असती. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण गेले तीन महिने न सांगता, न विचारताच गेले होते.

"गाड़ी गोपीनाथजी की थी," ती म्हणाली. "उन्हें भी हमने यही टेप सुनाया. हमें पता नहीं था."

"गोपीनाथ को?" तो उठून उभा राहिला. "जाड़े में उसकी गाड़ी से एक हुआ था, ये तो सबको मालूम है. पर ये वही है, ये उसने किसी को नहीं बताया. रनिंग रूम में हम लोग उसी के सामने बहस करते थे, बचा कि नहीं बचा. वो चाय पीता रहता था."

मैत्रेयी त्याच्या जागी बाकावर बसली.

"अंदर उसने क्या किया?" जयसिंगने विचारलं. "हाथ डाला?"

"नहीं. हाथ हिला भी नहीं उनका."

जयसिंग फाटकाच्या दिशेने दोन पावलं चालला आणि थांबला. बाहेर रस्त्यावर एक विक्रम टेंपो फटफट करत गेला. तो लांब जाईपर्यंत जयसिंग तिच्याकडे पाठ करून उभा होता.

"उसे मालूम था, मॅडम," तो म्हणाला. "हम लोग तो हर बार यही सोचके हाथ डालते थे, कि शायद रुक जाए."